खाणीत राख, विहिरीत काय?

अमरावती : बाळापूरजवळच्या पारस औष्णिक विद्युत केंद्रात कोळशाची वाघीण रिकामी होते, तेव्हा कोळशाबरोबर सुमारे तिसरा हिस्सा राखही उतरत असते. भारतीय कोळशातील राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. कोळसा जळतो, वीज तारांवरून निघून जाते आणि राख मागे राहते. पारसच्या २५० मेगावॉटच्या दोन संचांची एकत्रित क्षमता ५०० मेगावॉट आहे. हे केंद्र वर्षभर सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि एका युनिटला पाऊण किलो कोळसा लागला असे धरले, तर ढोबळ हिशेबाने वर्षाला सुमारे आठ लाख टन राख निर्माण होते. पंचवीस टनांच्या ट्रकने ती हलवायची म्हटली, तर दररोज जवळजवळ नव्वद फेऱ्या होतात. अमरावतीलगतच्या नांदगाव पेठ येथील खासगी प्रकल्पाची क्षमता तर १३५० मेगावॉट, म्हणजे पारसच्या अडीचपटीहून अधिक आहे.

एवढी राख ठेवायची कोठे, या प्रश्नाला केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेद्वारे जी उत्तरे दिली आहेत, त्यांपैकी एक वऱ्हाडाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. राखेच्या मान्य उपयोगांच्या यादीत विटा, सिमेंट, रस्ते यांच्या जोडीला खाणींतील खड्डे भरणे हाही उपयोग आहे. इतकेच नव्हे, तर औष्णिक केंद्रापासून रस्त्याने ३०० किलोमीटरच्या आत असलेल्या खाणींनी खड्डे भरताना किंवा मातीचे ढिगारे रचताना वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, असे बंधनही त्यात घालण्यात आले आहे. २००९ च्या दुरुस्तीत हे अंतर अवघे ५० किलोमीटर होते.

अंतर वाढताच नकाशा बदलला. अमरावती महसूल विभागातील कोळसा यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात आहे. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी, जुनाड, घोन्सा ही वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खुल्या खाणींची नावे त्या भागात सर्वांच्या तोंडी आहेत. नांदगाव पेठेहून यवतमाळमार्गे वणी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे आणि पारस तीनशेच्या रेषेच्या आसपास येते. पूर्वेला चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, तर उत्तरेला कोराडी, खापरखेडा आणि मौदा आहेत. राज्यातील राखेचा फार मोठा वाटा ज्या प्रदेशात निर्माण होतो, त्याच्या मधोमध वणीचे खड्डे आहेत. ते कधी व किती भरायचे, हा तपशिलाचा भाग झाला. ते भरता येतील, हे कायद्याने ठरून गेले आहे.

दिसायला ही सोय दोन्ही बाजूंनी उत्तम आहे. खड्डा बुजतो आणि राखही संपते. प्रश्न एवढाच, की राख कागदावर जेथे संपते तेथेच ती जमिनीतही संपते का?

राखेत धातू येतात कोठून?

कोळसा हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा अवशेष आहे. त्यात मातीबरोबर आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, क्रोमियम, मँगनीज, बोरॉन, मॉलिब्डेनम, पारा अशी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात. कोळसा जळून गेला तरी ही मूलद्रव्ये जळत नाहीत. सुमारे दोनतृतीयांश वस्तुमान निघून गेले, की उरलेल्या भागात त्यांचे प्रमाण आपोआप वाढते. भट्टीतील उष्णतेत त्यांपैकी काहींची वाफ होते, आणि धूर थंड होऊ लागला की ही वाफ राखेच्या सूक्ष्म कणांवर पुन्हा जमते. राखेचा कण म्हणजे काचेची बारीक गोळी, आणि हे धातू गोळीच्या पोटात कमी व पृष्ठभागावर अधिक असतात. पाण्याचा पहिला स्पर्श पृष्ठभागालाच होत असल्याने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. धातूंचे असे विरघळून बाहेर पडणे म्हणजेच शास्त्रीय परिभाषेतील निक्षालन.

निक्षालन किती होईल, हे केवळ राखेवर अवलंबून नसते. त्यात पाण्याचाही वाटा असतो. पाणी आम्लधर्मी असेल तर शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल आणि मँगनीज सुटू लागतात. पाणी अल्कधर्मी असेल तर हे धातू बऱ्याच अंशी जागीच राहतात, पण आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, क्रोमियम ही मंडळी मोकळी होऊ शकतात. बोरॉनला कोणतेही पाणी चालते आणि तो सर्वांत आधी बाहेर पडतो. त्यामुळेच राखेचे पाणी विहिरीपर्यंत पोहोचले की नाही, हे पाहताना जगभरातील तज्ज्ञ प्रथम बोरॉन तपासतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी नितळ दिसते, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही मानवत नाही. जमिनीने पाण्यात काय सोडले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, हे तेथील पिढ्यांनी अनुभवले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत तोच अनुभव फ्लोराईडच्या रूपाने आला. दातांवर डाग आणि वाकलेली हाडे दिसू लागल्यावर पाण्याची तपासणी झाली. राखेचा विषय याच जिल्ह्यात येऊ घातला आहे.

चाचणी उत्तीर्ण, पण कोणती?

राख धोकादायक नाही, असे सांगताना बहुधा एका प्रयोगशालेय चाचणीचा आधार घेतला जातो. ‘टीसीएलपी’ या नावाने ती ओळखली जाते. एक भाग राख वीस भाग सौम्य आम्लात अठरा तास घुसळतात आणि द्रवात किती धातू उतरले ते मोजतात. भारतातील अनेक अभ्यासांत या व अशा चाचण्यांमध्ये बहुतेक धातू मर्यादेच्या आतच आढळले आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र, मर्यादा कोणती, हे क्वचितच सांगितले जाते.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील या चाचणीची आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने स्वीकार्य मानलेली मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. दोहोंत पाचशे पटींचे अंतर आहे. सेलेनियमच्या बाबतीत ते शंभर पटींचे आहे. या अंतरामागे एक गृहीतक आहे. अमेरिकेत १९८० साली ही मर्यादा ठरली, तेव्हा कचऱ्यातून निघालेले पाणी विहिरीपर्यंत जाईतो शंभर पट सौम्य होईल, असे मानण्यात आले. त्या वेळी पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा ०.०५ होती. तिला शंभरने गुणून ५ हा आकडा आला. पुढे पिण्याच्या पाण्याची मर्यादा पाच पटींनी कडक झाली, पण ५ चा आकडा जागचा हलला नाही. आणि भारतात तर ही मर्यादा राखेला बंधनकारकही नाही. ‘प्रमाण मोठे, परिणाम अल्प’ या वर्गात टाकून त्याच २०१६ च्या नियमांनी राखेला घातक कचऱ्याच्या व्याख्येतून वगळले आहे.

दुसरी अडचण चाचणीच्या स्वरूपातच आहे. ती मुळात शहरी कचऱ्याच्या ढिगातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. खाणीत याच्या उलट स्थिती असते. तेथे राख भरपूर आणि तिच्या कणांच्या फटींत अडकलेले पाणी थोडे असते. त्यामुळे सहज विरघळणाऱ्या द्रव्यांचे सुरुवातीचे प्रमाण प्रयोगशाळेपेक्षा बरेच अधिक असू शकते. शिवाय आम्लातील एका चाचणीवरून अल्कधर्मी पाण्यात आर्सेनिकचे काय होईल, हे कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पुढे आम्लतेच्या विविध पातळ्यांवर आणि राख-पाण्याच्या विविध प्रमाणांत करावयाच्या चाचण्यांचा संच तयार केला. त्या महाग आणि वेळखाऊ आहेत, पण उत्तर त्यातच मिळते.

आकडे लहान वाटतात म्हणून एक हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. टनामागे पाच ग्रॅम आर्सेनिक असलेली दहा लाख टन राख एखाद्या खड्ड्यात गेली, तर तिच्यासोबत पाच टन आर्सेनिक गेले. त्यातील ९९ टक्के कायम राखेतच अडकून राहिले आणि फक्त एक टक्का सुटला, तर तो ५० किलो होतो. पाचशे कोटी लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेण्यास तो पुरेसा आहे. साठेक हजार वस्तीच्या वणीसारख्या शहराला माणशी शंभर लिटरप्रमाणे दोन वर्षांहून अधिक काळ पुरेल एवढे हे पाणी आहे. प्रत्यक्षात असेच घडेल, असा याचा अर्थ नाही. माती आणि खडक बराच आर्सेनिक धरून ठेवतात. पण ‘एक टक्काही सुटत नाही’ या वाक्याने निश्चिंत होण्याचे कारण नाही, एवढे यावरून दिसते.

पंप बंद झाल्यावर

या विषयाचा गाभा मात्र राखेत नसून खाणीच्या पाण्यात आहे, आणि चर्चेत तोच सर्वांत कमी येतो.

खुली खाण चालू असते तेव्हा तिच्यात पाणी साचू दिले जात नाही. रात्रंदिवस पंप चालतात. भूजलाची पातळी खाणीभोवती खोलगट बशीसारखी खाली जाते आणि आसपासच्या गावांच्या विहिरी आटतात, ही वणी परिसरातील जुनी तक्रार आहे. या काळात खड्ड्याच्या कोरड्या भागात राख टाकली, तर ती कोरडीच राहते. नमुने घेतले तर पाणी चांगले येते. त्यात लबाडी नसते, पाणी राखेपर्यंत पोहोचलेलेच नसते.

कोळसा संपतो, वेकोलिचे पंप थांबतात आणि भूजल वर येऊ लागते. काही ठिकाणी त्याला काही वर्षे, तर काही ठिकाणी काही दशके लागतात. पंधरा-वीस वर्षे कोरडी राहिलेली राख तेव्हा प्रथमच पूर्ण भिजते. पाण्याखाली गेलेल्या थरांत प्राणवायू संपतो. लोहाची जी संयुगे आर्सेनिकला धरून बसलेली असतात, ती अशा स्थितीत विरघळू शकतात, आणि आर्सेनिकचे रूपांतर अधिक विषारी व अधिक फिरत्या प्रकारात होऊ शकते. भूजल वर येऊन स्थिरावले, की ते पुन्हा आपल्या नैसर्गिक उताराने वाहू लागते. वणीच्या बाबतीत हा उतार बहुतांशी वर्धा नदीकडे आणि तिला मिळणाऱ्या निर्गुडेसारख्या नद्यांकडे आहे.

येथे भूगर्भशास्त्राकडे लक्ष देणे भाग आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा बराकर वालुकाश्मात आहे आणि त्यावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्माचा थर आहे. पाणी साठवणे आणि पुढे जाऊ देणे, हे दोन्ही गुण या दगडात आहेत. विदर्भातील उत्तम जलधारक खडकांत त्याची गणना होते. दख्खनच्या काळ्या कातळात खोदलेला खड्डा आणि सच्छिद्र वालुकाश्मात खोदलेला खड्डा यांना एकच नियम लावता येत नाही. राखेच्या तलावाला खाली अस्तर असावे, असा आग्रह धरला जातो. खाणीच्या खड्ड्याला मात्र तळाशी आणि भिंतींना हाच वालुकाश्म असतो.

त्यात भर पुराची. जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने वणी आणि मारेगाव तालुक्यांतील गावे वेढली गेली. नदीकाठी असलेल्या खाणी आणि त्यांच्या मातीचे डोंगर पाहता, राख कोणत्या खड्ड्यात टाकू नये, याची यादी आधी तयार होणे अधिक उपयोगाचे ठरेल.

खर्च आणि जबाबदारीचे वेळापत्रक या पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. वीज केंद्राच्या वार्षिक अहवालात राख ज्या दिवशी खड्ड्यात पडली, त्याच दिवशी ती ‘वापरली’ गेली असे नोंदले जाते. खाणीच्या बाजूने २००९ च्या खाणबंदी मार्गदर्शक तत्त्वांनी खुल्या खाणीसाठी दर हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सोय केली. पण या तत्त्वांचा भर खड्डा, ढिगारे, झाडे आणि सुरक्षितता यांवर होता. पंधरा वर्षांनी राख भिजल्यावर दोन किलोमीटरवरच्या विहिरीचे काय, याचा खर्च त्यात कोणी धरला होता असे दिसत नाही. राख वीज कंपनीची, खड्डा कोळसा कंपनीचा आणि विहीर शेतकऱ्याची, अशी ही विभागणी आहे.

नागपूरचा अनुभव

राख आणि पाणी यांचा संबंध विदर्भाला नवा नाही. नागपूर जिल्ह्यातील कोराडी व खापरखेडा केंद्रांच्या परिसराविषयी मंथन अध्ययन केंद्र, असर आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. परिसरातील पाण्याच्या नमुन्यांत जड धातू आढळल्याचे त्यात नमूद होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी पारशिवनी तालुक्यातील नांदगावला भेट दिली आणि तेथील तलावात राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी १६ जुलैला अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत, घरांत आणि कोलार नदीत शिरले. ही नदी पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात.

या घटनांनंतर तलावांवरचा भार कमी करण्यासाठी बंद खाणींचा पर्याय अधिक जोराने पुढे आला, हे स्वाभाविक होते. फुटलेला बंधारा सर्वांना दिसतो. छायाचित्रे छापून येतात, पंचनामे होतात, भरपाईची मागणी होते. जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याचा पंचनामा होत नाही. तलावाकडून खाणीकडे जाताना धोका कमी होतो की केवळ नजरेआड होतो, हे खड्ड्यागणिक तपासावे लागेल. सरसकट उत्तर देणारे दोन्ही पक्ष चुकीचे ठरण्याची शक्यता अधिक आहे.

वऱ्हाडात नांदगाव पेठेच्या प्रकल्पावर जो वाद झाला, तो अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावरून. सिंचनाचे पाणी विजेला का, हा प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात गाजला. राखेचा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. पाणी किती नेले याची चर्चा झाली, मात्र ते कशाने बिघडेल याची झाली नाही.

परदेशातील धडे

अमेरिकेत कोळशाची राख खाणींत टाकण्याची पद्धत जुनी आहे. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. योग्य जागा निवडली आणि देखरेख ठेवली, तर खाणीत राख भरणे हा व्यवहार्य पर्याय ठरू शकतो, असे परिषदेने म्हटले. मात्र, राखेचा पुनर्वापर हा पहिला पर्याय असावा, जागेची व राखेची आधी सखोल तपासणी व्हावी आणि भूजलावरील देखरेख पुरेशी असावी, असेही तिने बजावले. उपलब्ध निरीक्षणांची अपुरी संख्या हीच तिची मोठी अडचण होती. पुढे २०१५ साली तेथे राखेसाठी देशव्यापी नियम आले, तेव्हा खाणींत टाकलेली राख त्यांतून वगळली गेली. म्हणजे या बाबतीत अमेरिकेकडे आदर्श म्हणून पाहण्याचेही कारण नाही.

मेरीलँड राज्यातील गॅम्ब्रिल्स या वस्तीचे उदाहरण वणीच्या संदर्भात अधिक बोलके आहे. तेथे वाळू आणि खडी काढून झालेल्या खड्ड्यांत १९९५ पासून राख भरण्यात येत होती. हेतू खड्डे बुजवण्याचाच होता. सुमारे दशकभराने जवळच्या घरगुती विहिरींत राखेतील धातू आढळले. राज्याने २००७ साली १० लाख डॉलरचा दंड केला आणि २००८ साली रहिवाशांबरोबर ५ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. विहिरी सोडून लोकांना नळाचे पाणी द्यावे लागले. तेथील जमीन वाळूची होती आणि खड्ड्याखाली अस्तर नव्हते. वणीचा वालुकाश्म म्हणजे वाळू नव्हे, पण त्यातून पाणी पुढे जाते, हे साम्य नजरेआड करता येणार नाही.

भारतातही हा प्रयोग नवा नाही. ओडिशातील तालचेर येथे दक्षिण बलांदा खाणीच्या खड्ड्यात २००५ पासून जवळच्या वीज केंद्राची राख पाण्याबरोबर सोडण्यात आली.

बाजू दुसरीही आहे

उघडा खड्डा हा स्वतः काही निरुपद्रवी नसतो. त्यात जनावरे पडतात, कडा कोसळतात, उघड्या पडलेल्या दगडकोळशाचा हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होऊ शकते. राख अल्कधर्मी असेल तर ती असे आम्ल काही अंशी शमवते. भारतीय कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याच्या आत असल्याने येथील राखेत आम्लता निर्माण होण्याचा धोकाही तुलनेने कमी आहे. नीट दाबून बसवलेली राख घट्ट होते आणि तिच्यातून पाणी सावकाश जाते. विटांसाठी सुपीक माती खरवडली जाते, ती वाचवण्यासाठीच १४ सप्टेंबर १९९९ ची पहिली राख अधिसूचना निघाली होती, याचाही विसर पडू नये.

त्या अधिसूचनेनंतरची प्रगती मोठी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशातील राखेचा जेमतेम ९.६३ टक्के वापर होत होता. २०२१-२२ मध्ये २७ कोटी ८ लाख टन राखेपैकी ९५.९५ टक्के राख वापरली गेली. या आकड्यात सिमेंटच्या पोत्यात कायमची बंदिस्त झालेली राख आहे, तशीच सखल जमिनीत आणि खाणीत ओतलेली राखही आहे. दोन्हींना एकच मोजमाप लावल्याने टक्केवारी सुधारते, परंतु पाण्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. सिमेंटमध्ये राख बांधली जाते. खड्ड्यात ती ठेवली जाते.

अधिसूचनेतील दंडाची तरतूद हा फरक आणखी पुसट करते. न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई आहे. पारससारख्या केंद्राची वर्षाला दीड-दोन लाख टन राख शिल्लक राहिली, तरी भरपाई पंधरा-वीस कोटींच्या घरात जाईल. अशा वेळी व्यवस्थापनाचे लक्ष जवळच्या मोठ्या खड्ड्याकडे जाणारच. वणीजवळ मुकुटबनला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. पोझोलाना सिमेंटमध्ये मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख घालता येते. कोरडी, बारीक राख बल्करने तेथपर्यंत नेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. तलावात वर्षानुवर्षे साचलेली ओली राख मात्र सिमेंटवाल्यांना नको असते, आणि खाणीकडे वळण्याची शक्यता तिचीच अधिक आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०१९ मध्ये सखल जागा व बंद खाणी राखेने भरण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. राखेची निक्षालन चाचणी आणि परिसरातील भूजलाची तपासणी हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. पण तपासणी कशाच्या तुलनेत करायची, हा मुद्दा वणीसारख्या ठिकाणी निर्णायक ठरतो. राख येण्यापूर्वी विहिरीत बोरॉन किती होता, मॉलिब्डेनम होता का, आर्सेनिक किती होते, याची नोंद नसेल, तर वीस वर्षांनी आढळलेला धातू राखेचा, खाणीचा की मूळ खडकाचा, हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. खाणपट्ट्यात जमिनीत मुळातच फ्लोराईड आणि इतर द्रव्ये असल्याने हा वाद हमखास होईल, आणि त्यात पुराव्याचे ओझे विहीरवाल्यावर येईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाण्याच्या गुणवत्तेच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह असतात. गावागावांत दिलेल्या तपासणी संचांतही तेच असतात. बोरॉन, सेलेनियम, मॉलिब्डेनम हे राखेचे खरे साक्षीदार या यादीत नाहीत. उकणी, निलजई, मुंगोली या पट्ट्यातील विहिरी व विंधन विहिरींचे नमुने दोनदा घ्यावे लागतील. एक मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये, पावसाळा ओसरल्यावर. सात-आठ धातूंची ही तपासणी पहिला ट्रक रिकामा होण्यापूर्वी झाली, तरच तिचा उपयोग आहे.